औषधाच्या पुढचे उपचार : मानसिक आरोग्यसेवेतील समाजकार्यकर्ता

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांची मंजूर क्षमता अनुक्रमे 2540, 1850, 940 आणि 365 खाटांची. या वॉर्डांतल्या अनेकांचा आजार आज आटोक्यात आहे. त्यांना झोप लागते, ते गोळ्या वेळेवर घेतात, बागेत किंवा स्वयंपाकघरात काम करतात, घरच्यांची नावे सांगतात. तरीही ते घरी गेलेले नाहीत. देशभरातल्या सरकारी मनोरुग्णालयांचा आढावा घेणारा एक राष्ट्रीय अहवाल 2019 मध्ये आला. तिथे राहणाऱ्यांपैकी सुमारे 36 टक्के लोक वर्षाहून अधिक काळ आतच असल्याचे त्यात दिसले. यामागची कारणे बहुतेक वेळा वैद्यकीय नसतात. कुणाचा पत्ता सापडत नाही. कुणाचा सापडतो, पण भाऊ म्हणतो, 'आमच्याकडे जागा नाही.' कुणाचे नाव रेशनकार्डावरून केव्हाच कमी झालेले असते.

ही कोंडी फोडण्याचे काम ज्याचे आहे, त्याला रुग्णालयात सगळे 'सोशल वर्कर' म्हणतात, सरकारी भरतीत 'समाजसेवा अधीक्षक' म्हणतात आणि कायदा 'मानसोपचार समाजकार्यकर्ता' म्हणून ओळखतो. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि समाजकार्यकर्ता या चौघांच्या चमूत लोकांना सर्वांत कमी माहीत असलेला माणूस हाच. आजार आटोक्यात आणण्याचा मोठा वाटा औषधांचा आहे, याबद्दल वाद नाही. पण बरा झालेला माणूस बरा राहील का, घरात टिकेल का, चार पैसे मिळवील का, हे ठरते ते घरात, गावात, तहसील कार्यालयात आणि कामाच्या ठिकाणी. तिथपर्यंत पोचणारा प्रशिक्षित माणूस आपल्या व्यवस्थेत सर्वांत कमी संख्येने आहे आणि सर्वांत असुरक्षितही आहे. हे उलटे गणित सरळ केल्याशिवाय मानसिक आरोग्यसेवेतील बाकीची गुंतवणूक फळणार नाही.

मुंबईत रुजलेली परंपरा

या व्यवसायाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. 1913 मध्ये बोस्टनच्या मनोरुग्णालयात मेरी जॅरेट यांनी समाजकार्याचा विभाग उभा केला. रुग्णाच्या घरची, कामाची, नातेसंबंधांची माहिती असल्याशिवाय निदान अपुरे राहते, हे त्या विभागाने दाखवून दिले. भारतात या कामाची सुरुवात मुंबईत झाली. नागपाड्यात वस्तीचे काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. लगेच 1937 मध्ये संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. शाळेत न रमणारी, घरातून पळून जाणारी, अंथरूण ओले करणारी मुले तिथे यायची. मुलाशी बोलण्याआधी समाजकार्यकर्ती आईवडिलांशी बोलायची. 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली आणि 1948 मध्ये टाटा संस्थेत डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (1955) आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (1963) उभी राहिली. बंगळूरमध्ये, आजच्या निम्हान्समध्ये, 1968 पासून या विषयाचे खास रुग्णालयीन प्रशिक्षण मिळू लागले.

याच काळात दोन भारतीय प्रयोगांनी एक वेगळा धडा दिला. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने 1957 पासून मानसिक आरोग्य केंद्रात कुटुंबासह राहण्याची सोय केली. घरचे माणूस सोबत असले की रुग्ण लवकर सावरतो, लवकर घरी जातो आणि घरच्यांची भीतीही ओसरते, हे तिथे दिसले. पश्चिमेत मोठी मनोरुग्णालये रिकामी करण्याची चर्चा जोरात यायची होती, तेव्हाच इथे कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले गेले होते. भारतीय मानसोपचार समाजकार्याचा कणा आजही हाच आहे.

केस हिस्ट्री ते होम व्हिजिट

समाजकार्यकर्त्याचे काम लांबून पाहिले तर 'बोलणे' एवढेच दिसते. जवळून पाहिले की त्यातली शिस्त कळते.

समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गावातून तिशीतल्या तरुणाला त्याची आई आणि मामा सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत घेऊन आले आहेत. तो एकटाच बोलतो, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणतो, रात्री घराबाहेर पडतो. डॉक्टरांपुढे मोठी रांग आहे. ते निदान करतात, औषध लिहून देतात आणि केस पेपर समाजकार्यकर्तीच्या टेबलावर येतो. तिथे पुढचा तासभर वेगळेच प्रश्न विचारले जातात. झोप कधीपासून गेली? त्या आधी घरात काय घडले? जमीन किती, कर्ज कुणाचे? लग्न झाले आहे का, सून माहेरी का गेली? आधी कुठे नेले होते, देवऋषीकडे किती पैसे गेले? घरात गोळ्या कोण देणार? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : घरचे ऊसतोडीला जातात का?

या एका प्रश्नावर पुढचे सगळे अवलंबून असते. दिवाळीच्या आसपास कुटुंब कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या हद्दीत गेले की पाच-सहा महिने परत येत नाही. दर महिन्याला जिल्हा रुग्णालयात येऊन गोळ्या न्यायच्या, ही व्यवस्था तिथेच कोलमडते. आजार उलटतो आणि नोंदवहीत 'रुग्णाने औषध बंद केले' अशी ओळ पडते. जाणती समाजकार्यकर्ती हे आधीच ओळखते. फडाजवळच्या सरकारी रुग्णालयासाठी ती चिठ्ठी करून देते, डॉक्टरांशी बोलून जास्त दिवसांची औषधे मिळतील का ते पाहते, मुकादमाचा फोन नंबर लिहून घेते. रुग्ण लिथियमवर असेल तर उन्हात राबताना पाणी कमी पडू देऊ नका, जुलाब-उलट्या झाल्या किंवा हात थरथरू लागले तर लगेच दाखवा, हे आईला दोनदा सांगते आणि आईकडून पुन्हा म्हणवून घेते.

घरी जाऊन पाहिले की आणखी वेगळे दिसते. ओपीडीत 'घेतो की गोळ्या' असे सांगितलेले असते आणि घरी खुंटीवरच्या पिशवीत अर्धी भरलेली पट्टी सापडते. गोळ्या मोजल्या की किती दिवस चुकले ते कळते, मग कारण विचारायचे. गोळीने दिवसभर गुंगी येते, म्हणून तो सकाळची गोळी टाकतो, कारण शेजारच्यांकडे कामाला जायचे असते. हे डॉक्टरांपर्यंत पोचले तर वेळ बदलता येते, मात्रा बदलता येते. तो कुठे झोपतो, जेवायला कुणाच्या पंगतीत बसतो, लहान मुले त्याला काय म्हणून हाक मारतात, यावरून घरात त्याची जागा काय आहे ते समजते.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांत दिसले की स्किझोफ्रेनियातून सावरलेले लोक सतत टीका करणाऱ्या, तुसडेपणाने वागणाऱ्या किंवा पावलोपावली ताबा ठेवणाऱ्या घरात परतले, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. कुटुंबाला आजार समजावून सांगितला, बोलण्याची पद्धत बदलायला मदत केली, तर तो धोका कमी होतो. हे नंतर अनेक देशांतल्या चाचण्यांनी दाखवले. 'आळशी झालाय' आणि 'आजारामुळे त्याची उमेद गेली आहे' यांतला फरक आईला कळणे हा उपचाराचाच भाग आहे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटांत शुभार्थी आणि शुभंकर एकत्र बसतात. रुग्ण आणि त्याची काळजी घेणारे यांच्यासाठी तिथे हेच शब्द रूढ आहेत. कॅनडातल्या कॅल्गरीत राहणारे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातल्या आजाराचा अनुभव गाठीशी घेऊन 1997 मध्ये ही संस्था उभी केली. 2004 चा 'देवराई' हा चित्रपट याच तळमळीतून आला आणि स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत पोचला.

कागद हेही औषधच

दिव्यांग हक्क कायदा 2016 ने मानसिक आजाराला 21 दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर प्रमाणपत्र मिळते, यूडीआयडी कार्ड निघते, संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या आधाराचा मार्ग खुला होतो. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात आधार कार्डावरचे नाव आणि केस पेपरवरचे नाव जुळत नाही, जुने रिपोर्ट पुरात किंवा आगीत गेलेले असतात, तपासणीच्या दिवशी रुग्ण यायला तयार नसतो आणि गावातले लोक 'धडधाकट तर आहे' म्हणतात. न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाचा पुरावा गोळा करणे हे कौशल्याचे काम आहे. रुग्णाला स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम यांत किती अडचण येते याची नीट नोंद असेल, तर प्रमाणपत्र न्याय्य मिळते. दर महिन्याला खात्यावर येणाऱ्या त्या पैशाने आजार बरा होत नाही, पण 'बसून खातो' हे टोमणे कमी होतात आणि जिल्ह्याच्या गावी जाण्याचे भाडे निघते. औषध चालू राहण्यासाठी अनेकदा तेवढे पुरते.

घरची वाट शोधताना

मनोरुग्णालयात अडकलेल्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत न्यायालयाने बऱ्या झालेल्या लोकांच्या पुनर्वसनाबद्दल राज्यांना निर्देश दिले. महाराष्ट्रात अशा लोकांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याचे पुढे आले, तेव्हा 2021 मध्ये न्यायालयाने ते थांबवायला सांगितले. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 याबाबत स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. सरकारने निवारागृहे, समूहगृहे उभारायची आहेत. घरी पाठवण्याआधी रुग्णाशी आणि त्याला सांभाळणाऱ्यांशी बोलून पुढच्या उपचारांचा आराखडा करायचा आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा पेच अधिक घट्ट असतो. माहेर म्हणते, 'तिचे लग्न झाले, आता सासर बघेल.' सासर म्हणते, 'आजार लपवून मुलगी दिली, घेऊन जा.' नवऱ्याने दुसरा संसार मांडलेला असतो, मुले आजीकडे असतात, दागिन्यांचा आणि जमिनीच्या वाट्याचा पत्ता नसतो. अशा ठिकाणी समाजकार्यकर्तीला वकिलाशी बोलावे लागते, पोलीस पाटलाला गाठावे लागते, मुलांशी भेट घडवून आणावी लागते. कधी कधी 'घरी परत' हे उत्तरच चुकीचे असते आणि त्या स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करणे हाच खरा मार्ग असतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून 2011 मध्ये सुरू झालेला 'तराशा' हा प्रकल्प नेमके हेच करतो. मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना तिथे राहण्याची सोय, कामाचे शिक्षण, नोकरी आणि नोकरी लागल्यानंतरची सोबत मिळते. यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या पगाराचे काय करायचे, सहकाऱ्यांना आजाराबद्दल सांगायचे की नाही, रात्रपाळीने झोप बिघडली तर साहेबांशी कसे बोलायचे, हे प्रश्न नोकरी मिळाल्यावरच सुरू होतात.

चेन्नईतल्या 'द बॅनियन' या संस्थेची स्थापना 1993 मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या तरुणींनी केली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देण्यापासून हे काम सुरू झाले. त्यांच्या 'होम अगेन' उपक्रमात वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात एकत्र राहतात. भाजी आणतात, सण करतात, शेजाऱ्यांशी भांडतात आणि जुळवूनही घेतात. हा उपक्रम महाराष्ट्रात रत्नागिरीपर्यंत आला आहे. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांनी 2016 पासून 'उडान' हाती घेतला. त्यात रुग्णालयाची व्यवस्था सुधारण्यासोबत लोकांना बाहेर नेण्यावर भर आहे.

रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी 1988 मध्ये मुंबईत श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केले. पुढे कर्जतजवळ केंद्र उभे राहिले आणि 2018 मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या समाजकार्यकर्त्यांचे काम चिकाटीचे आहे. आजार ओसरला की माणूस तुकड्यातुकड्यांनी आठवू लागतो : एखाद्या स्टेशनचे नाव, बोलीतला एखादा शब्द, गावातल्या जत्रेचा देव, नदी, मास्तरांचे आडनाव. या धाग्यांवरून जिल्हा शोधायचा, पोलीस ठाण्याला फोन करायचा, सरपंचाला गाठायचे आणि मग रेल्वेचे तिकीट काढून त्या माणसाला घरापर्यंत पोचवायचे. सोबत औषधांचा साठा आणि जवळच्या दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. गाव जमलेले असताना 'हा आजार होता, उपचाराने आटोक्यात आला, गोळ्या मात्र चालू ठेवायच्या' हे मोठ्याने सांगायचे, म्हणजे पुढे त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यांची संख्या घटते.

गावात कोण पोचणार?

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. नैराश्य, चिंतारोग अशा नेहमी आढळणाऱ्या आजारांत सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या सर्वेक्षणात 12 राज्ये होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण इथले चित्र फार वेगळे असेल असे मानायला जागा नाही. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बेळ्ळारीतल्या प्रयोगाच्या आधारे 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या चमूत समाजकार्यकर्त्याची जागा पहिल्यापासून आहे. पण एका जिल्ह्याला एक माणूस, शिबिरे, शाळांतली व्याख्याने, तुरुंगाला भेट, अहवाल, प्रमाणपत्रे हे सगळे त्याच्याच अंगावर. घरभेटीला वेळ उरत नाही.

त्यामुळे गेल्या दोन दशकांत वेगळा मार्ग शोधला गेला. गावातल्याच माणसांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशनाचे पहिले पाऊल त्यांच्याकडे सोपवायचे. गोव्यात 1996 मध्ये सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने हे नेटाने तपासले. 'मानस' चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत अशा स्थानिक समुपदेशकांमुळे नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात सावरल्याचे त्यात दिसले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या या पट्ट्यात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांवर झालेल्या चाचणीत रुग्णालयीन उपचारांना घरपोच आधाराची जोड दिली गेली. 2014 मध्ये तिचे निष्कर्ष आले. लक्षणे आणि दैनंदिन अडचणी थोड्या पण ठळकपणे कमी झाल्या होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' राबवली. त्यात गावचेच कार्यकर्ते समुपदेशनासोबत सरकारी योजनांचे अर्ज भरून देतात. ताणाचे मूळ अनेकदा अडकलेल्या पैशात आणि कागदात असते, हे त्यांनी नेमके ओळखले.

यातून एक वाद उभा राहिला. दहावी-बारावी झालेली गावची ताई हे काम करू शकते, तर एमएसडब्ल्यू आणि त्यापुढे दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेला माणूस कशाला? या प्रश्नाचे उत्तर त्याच प्रयोगांत आहे. ज्या ठिकाणी गावपातळीचे कार्यकर्ते यशस्वी झाले, तिथे त्यांच्यामागे नियमित देखरेख होती. कुणाला लगेच डॉक्टरांकडे न्यायचे, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याशी पुढे काय करायचे, घरातला हिंसाचार समोर आला तर कुठे जायचे, कार्यकर्ती स्वतःच खचली तर तिला कोण सावरणार, हे सांगणारे कुणीतरी लागते. पाच-पन्नास गावांतल्या ताईंना असा आधार द्यायला सर्वांत योग्य प्रशिक्षित समाजकार्यकर्ता आहे. आशा कार्यकर्त्यांना नैराश्याच्या प्रश्नावल्या भरायला लावणे सोपे आहे. भरलेल्या प्रश्नावलीतून पुढे आलेल्या माणसाला कुणाकडे पाठवायचे, ही पायरी रिकामी राहिली तर ते काम निव्वळ कागदी होते.

व्यसन, आत्महत्या आणि बाहेरची बाधा

व्यसनमुक्तीत समाजकार्य उपचाराच्या मध्यावरच असते. पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झालेल्या 'मुक्तांगण'चा अनुभव महाराष्ट्राला परिचित आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून आणि डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या कामातून हे केंद्र उभे राहिले. व्यसनातून बाहेर आलेलेच तिथे समुपदेशक झाले आणि व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट सुरू झाला. दारू सुटते ती दाखल असताना आणि पुन्हा लागते ती घरी गेल्यावर. म्हणून घरच्यांची तयारी, पाठपुरावा आणि कामावर परत रुजू होणे हेच इथले खरे उपचार आहेत.

आत्महत्येच्या बाबतीत 2017 च्या कायद्याच्या कलम 115 ने मोठा बदल केला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे आणि सरकारने तिला उपचार व पुनर्वसन द्यायचे. सिव्हिलच्या अपघात विभागात कीटकनाशक प्यायलेला माणूस वाचतो, दोन-तीन दिवसांत घरी जातो आणि ज्या सावकारामुळे, ज्या भांडणामुळे तो तिथवर आला ते तसेच उभे असते. वॉर्डातून बाहेर पडण्याआधी त्याच्या खाटेशी एक माणूस बसावा, घरातले विष कुलपात ठेवायला सांगावे, आठवड्याने फोन करावा, बँकेत किंवा महसूल कार्यालयात सोबत जावे. जीव वाचवण्याच्या या साखळीत समाजकार्यकर्ता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ दुवा आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानस सेवा चालते. ती मोलाची आहे. मात्र फोनवर दिलासा मिळालेल्या माणसापर्यंत त्याच्या जिल्ह्यात जाऊन पोचणारे कुणी हवे.

अंगात येणे, करणी, बाधा यांच्या समजुतींशीही याच कार्यकर्त्याची गाठ पडते. तमिळनाडूत एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेल्या लोकांसह 28 जणांचा मृत्यू झाला. 2017 च्या कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी आणली. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे याला गुन्हा ठरवतो. कायदा हाताशी असला तरी कुटुंबाशी बोलताना कार्यकर्त्याला संयम लागतो. 'देवाला जा, पण गोळी चुकवू नका' एवढ्यावर घरचे तयार झाले तरी पुढच्या भेटीचे दार उघडे राहते.

व्यवसायाची कोंडी

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या आकडेवारीत भारतात दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ 0.29 आणि मानसिक आरोग्यातले समाजकार्यकर्ते 0.06 होते. म्हणजे साधारण सोळा-सतरा लाख लोकांमागे एक. त्यातले अनेकजण मोठ्या शहरांत आणि प्रशिक्षण संस्थांत आहेत.

शिक्षणाचा प्रश्न तातडीचा आहे. 2017 च्या कायद्यातली मानसोपचार समाजकार्यकर्त्याची व्याख्या मुख्यतः समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतरचे दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. यांवर उभी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. पुढे क्लिनिकल मानसशास्त्र आणि मानसोपचार समाजकार्य या दोन शाखांना 2025-26 च्या प्रवेशांपर्यंत मुभा दिली. कायद्याने मागितलेली पात्रता आणि शिक्षणव्यवस्थेने देऊ केलेली पदवी यांचा मेळ कायमस्वरूपी बसवायला हवा. मानसशास्त्रज्ञांसाठी भारतीय पुनर्वास परिषद आहे. समाजकार्यकर्त्यांसाठी अशी परिषद दीर्घकाळ नव्हती. 2021 च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने मानसोपचार समाजकार्यकर्त्यांना आपल्या कक्षेत घेतले. राज्य पातळीवर नोंदणी, आचारसंहिता आणि प्रशिक्षणाचा दर्जा याची घडी आता तरी बसली पाहिजे.

नोकरीची स्थिती आणखी बिकट आहे. जिल्हा कार्यक्रमातली बहुतेक पदे कंत्राटी. करार संपला की नूतनीकरणाची वाट पाहायची. कुटुंबाचा विश्वास मिळवायला वर्ष जाते आणि तेवढ्यात माणूस बदलतो. जो टिकतो त्याच्याकडे रजिस्टर, अहवाल आणि शिबिरांचे फोटो पाठवण्याचे काम वाढत जाते.

समाजकार्यकर्त्यांकडून चुकाही होतात, त्याही नोंदवायला हव्यात. कुटुंबाच्या सोयीसाठी रुग्णाचे म्हणणे डावलणे, 'घरचे म्हणतात म्हणून' दाखल करायला मदत करणे, आजाराची माहिती गावभर करणे, असे घडते. पुण्यात भार्गवी दावर यांनी 'बापू ट्रस्ट'च्या माध्यमातून वर्षानुवर्षे हा मुद्दा लावून धरला. मानसिक आजार असलेल्या माणसाचा स्वतःच्या आयुष्यावरचा हक्क अबाधित राहिला पाहिजे आणि आधार वस्तीत, त्याच्या संमतीने मिळाला पाहिजे. 2017 च्या कायद्याने पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा आणि नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला आहे. हे हक्क रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे आणि घरच्यांनी वा रुग्णालयाने ते डावलले तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाण्याचा रस्ता दाखवणे, ही समाजकार्यकर्त्याची पहिली निष्ठा असायला हवी.

काय करायला हवे

वरच्या सगळ्या अनुभवांतून पुढची कामे स्पष्ट दिसतात. जिल्हा कार्यक्रमातल्या समाजकार्यकर्त्याचे पद कायम करावे आणि जिल्ह्याला एकावर न थांबता उपजिल्हा रुग्णालयापर्यंत न्यावे. एम.फिल.ला पर्याय ठरणारा, रुग्णालयात आणि वस्तीत घडवणारा अभ्यासक्रम कायद्याने मान्य करून घ्यावा आणि महाराष्ट्रातल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्याच्या जागा ठेवाव्यात. घरभेटीसाठी वेळ आणि प्रवासखर्च कामाच्या व्याख्येतच धरावा. गावपातळीच्या कार्यकर्त्यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी आणि अधिकार समाजकार्यकर्त्याला द्यावेत. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी वस्तीतली समूहगृहे प्रत्येक जिल्ह्यात सुरू करावीत. निवारागृहे उभारण्याचे काम कायद्यानेच सरकारवर टाकले आहे, ते पुढे ढकलण्याची सबब आता उरलेली नाही.

आणखी एक बदल मोजमापाचा. आज मनोरुग्णालयाचे काम खाटा, ओपीडीची संख्या आणि वाटलेल्या गोळ्या यांवर मोजले जाते. त्याऐवजी दरवर्षी एक आकडा जाहीर व्हावा : घरी किंवा समूहगृहात पाठवलेल्यांपैकी किती जण वर्षानंतरही तिथेच आहेत, औषध घेत आहेत आणि काही ना काही काम करीत आहेत. हा आकडा प्रामाणिकपणे काढायचा तर प्रत्येक दारापर्यंत जाऊन विचारावे लागेल. तसे जाणारा माणूस नेमणे, त्याला शिकवणे आणि त्याला टिकवणे यालाच मानसिक आरोग्यसेवा म्हणायचे.